श्वेतपत्रिका, कृष्णपत्रिका आणि तुटीचा हिशेब

निवडणुकीपूर्वी सरकारच्या आर्थिक कारभाराचा हिशेब मागितला जावा आणि तो दिला जावा, ही संसदीय पद्धतीतील स्वाभाविक अपेक्षा होय. तथापि हिशेब मागणे आणि हिशेब पटणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. हिशेब पटण्यासाठी वही एक असावी लागते. नोंदीचे नियम दोन्ही पक्षांना मान्य असावे लागतात. आणि ज्याच्या हाती वही आहे त्याने तिची सोयीची तेवढीच पाने उघडू नयेत, ही किमान अट असते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीपूर्वी, ८ फेब्रुवारी या एकाच दिवशी प्रसिद्ध झालेल्या दोन पत्रिका या कसोटीवर पारखून पाहण्याजोग्या आहेत. पहिली, केंद्रीय वित्तमंत्रालयाने सिद्ध केलेली आणि निर्मला सीतारामन यांनी संसदेत मांडलेली भारतीय अर्थव्यवस्थेवरील श्वेतपत्रिका. दुसरी, काँग्रेसचे अध्यक्ष मल्लिकार्जुन खर्गे यांनी प्रसिद्ध केलेली ‘दस साल अन्याय काल’ ही कृष्णपत्रिका. पहिलीचा विषय २००४ ते २०१४ हे संयुक्त पुरोगामी आघाडीचे दशक व त्याची नंतरच्या दशकाशी तुलना. दुसरीचा विषय २०१४ ते २०२४ हे राष्ट्रीय लोकशाही आघाडीचे दशक. त्या निवडणुकीचा निकाल ४ जून २०२४ रोजी लागला. प्रचाराचा धुरळा बसल्यानंतर या दोन पत्रिकांचे वाचन केवळ दस्तऐवज म्हणून करणे शक्य झाले आहे.

प्रथम श्वेतपत्रिका या प्रकाराचाच विचार केला पाहिजे. ब्रिटिश संसदीय प्रथेतून आलेला हा प्रकार. शासनाने एखाद्या प्रश्नासंबंधीची वस्तुस्थिती व आपले धोरण सभागृहापुढे ठेवावे, हा त्याचा मूळ हेतू. महाराष्ट्रात २०१२ साली सिंचनावरील श्वेतपत्रिका निघाली, तेव्हापासून हा शब्द मराठी वाचकाच्या विशेष परिचयाचा झाला. आणि ‘शासनाने स्वतःच्या कारभाराची खरी माहिती बाहेर काढावी’ अशी अपेक्षा त्या शब्दाला चिकटली. २०२४ च्या श्वेतपत्रिकेने ही दिशा उलटविली. तिच्यातील माहिती मुख्यतः पूर्वीच्या सरकारच्या कारभाराची आहे, आणि ती दहा वर्षांनंतर दिलेली आहे. २०१४ सालीच ही पत्रिका काढली असती तर गुंतवणूकदारांचा विश्वास डळमळला असता, असे कारण त्यासाठी देण्यात आले. हे कारण अग्राह्य नाही. परंतु ते मान्य केले की एक गोष्ट ओघानेच येते : दहा वर्षांनी आलेल्या या माहितीचा प्रशासकीय उपयोग संपलेला आहे. तिचा खरा वाचक संसद नसून मतदार आहे. म्हणून तिची परीक्षाही मतदाराला निर्णयासाठी ती कितपत उपयोगी पडते, या एकाच निकषावर झाली पाहिजे.

श्वेतपत्रिकेतील आक्षेप निराधार आहेत, असे कोणीही म्हणू शकणार नाही. त्या दशकातील सरासरी महागाई ८.२ टक्के होती. २०१२-१३ मध्ये चालू खात्यावरील तूट स्थूल देशांतर्गत उत्पादनाच्या (यापुढे केवळ ‘उत्पादनाच्या’) ४.८ टक्क्यांपर्यंत गेली. २०१३ साली भारताची गणना पाच नाजूक अर्थव्यवस्थांत होऊ लागली. या घटना इतिहासात नोंदल्या गेल्या आहेत. पत्रिकेतील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा मात्र याहून कमी गाजला, आणि तो राजकोषीय तुटीच्या मोजणीसंबंधी आहे. २००५-०६ ते २००९-१० या पाच वर्षांत तेल कंपन्या, खत कंपन्या आणि भारतीय अन्न महामंडळ यांना अनुदानाची रक्कम रोख न देता त्याऐवजी १.९ लाख कोटी रुपयांहून अधिक किमतीचे विशेष रोखे देण्यात आले. अनुदान त्या वर्षी दिले गेले, लाभ त्या वर्षी झाला. परंतु रोख रक्कम तिजोरीबाहेर न गेल्यामुळे त्या वर्षीच्या तुटीत तो खर्च दिसला नाही. व्याज आणि मुद्दल पुढील सरकारांच्या माथी आले. तूट कमी दाखविण्याची ही रीत सदोष होती, यात शंका नाही. आणि ती दाखवून देणे हे श्वेतपत्रिकेचे खरे कार्य म्हणावे लागेल.

परंतु माप एकदा ठरविले की ते सर्वांना लावावे लागते. नंतरच्या दशकात रोख्यांची जागा कर्जाने घेतली. २०१६-१७ पासून अन्न महामंडळाला द्यावयाच्या अनुदानाचा मोठा भाग अर्थसंकल्पातून न देता राष्ट्रीय अल्पबचत निधीतून कर्जाच्या रूपाने देण्यात येऊ लागला. धान्य खरेदी झाले, स्वस्त दराने वाटले गेले. तूट मात्र महामंडळाच्या वहीत राहिली, सरकारच्या वहीत आली नाही. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी जानेवारी २०१९ मध्ये संसदेपुढे आलेल्या आपल्या अहवालात या अर्थसंकल्पबाह्य कर्जउभारणीवर बोट ठेवले होते. पुढे १ फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पात ही प्रथा बंद करण्यात आली, जुनी कर्जे फेडण्यासाठी तरतूद झाली, आणि २०२०-२१ चे अन्नअनुदान सुधारित अंदाजात ४.२२ लाख कोटी रुपयांवर गेले. हे पाऊल निःसंशय प्रशंसनीय होते. तथापि जी प्रथा बंद करण्याचे श्रेय घ्यावयाचे, ती चालविल्याची जबाबदारीही त्याच खात्यावर पडते. रोखे आणि कर्ज यांत कायद्याच्या दृष्टीने भेद असेल. तूट झाकण्याच्या दृष्टीने दोहोंचे कार्य एकच आहे.

संकटकाळातील तुटीविषयीही हाच प्रश्न उद्भवतो. २००७-०८ मध्ये उत्पादनाच्या सुमारे अडीच टक्के असलेली तूट २००८-०९ मध्ये सहा टक्क्यांवर गेली. श्वेतपत्रिकेचे म्हणणे असे की, जागतिक वित्तीय संकटाचा भारतावरील आघात त्या मानाने सौम्य होता. वाढीचा वेग ३.१ टक्क्यांपर्यंत उतरला तरी पुढच्याच वर्षी तो ७.९ टक्क्यांवर आला. मग एवढी औषधयोजना कशासाठी? या युक्तिवादाला बळकटी देणारी एक वस्तुस्थिती आहे. शेतकऱ्यांच्या कर्जमाफीची घोषणा २९ फेब्रुवारी २००८ रोजी झाली. अमेरिकेतील लेहमन ब्रदर्स कोसळली ती सप्टेंबरात. सहाव्या वेतन आयोगाच्या शिफारशीही सरकारने ऑगस्टमध्येच स्वीकारल्या होत्या. अर्थात त्या वर्षीच्या तुटीचा सर्व भार संकटावर टाकता येत नाही. त्यातील काही भाग येऊ घातलेल्या निवडणुकीचा होता, असे अनुमान काढण्यास जागा आहे.

हीच चिकित्सा २०१९-२० या वर्षाला लावली तर काय दिसते? त्या वर्षाच्या अर्थसंकल्पात ३.३ टक्के तूट अपेक्षिली होती. प्रत्यक्षात ती सुमारे ४.६ टक्के झाली. महासाथीचा आघात त्या आर्थिक वर्षाच्या अखेरच्या काही दिवसांपुरताच होता. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांवरील प्राप्तिकरात मोठी कपात झाली, आणि तिच्यामुळे १.४५ लाख कोटी रुपयांचे उत्पन्न सोडावे लागेल, असे सरकारनेच सांगितले होते. रिझर्व्ह बँकेकडून ऑगस्टमध्ये मिळालेला १.७६ लाख कोटींचा विक्रमी निधी गृहीत धरूनही ही स्थिती होती. म्हणजे २०२०-२१ मधील ९.२ टक्क्यांची तूट महासाथीने घडविली हे जितके खरे, तितकेच तूट वाढू लागली होती ती महासाथीपूर्वी, हेही खरे. मंदावलेल्या मागणीच्या काळात कर कमी करणे योग्य होते की नाही, यावर मतभेद होऊ शकतो. पण एका सरकारच्या तुटीतून संकटाचा भाग वजा करावयाचा नाही आणि दुसऱ्याच्या तुटीतून तो पूर्णपणे वजा करावयाचा, ही तुलना नव्हे.

तुटीपेक्षा तुटीतून काय उभे राहिले हे पाहावे, असा एक अधिक परिपक्व निकष श्वेतपत्रिका मांडते. व्याज वगळता उरलेल्या खर्चात भांडवली खर्चाचे प्रमाण २००३-०४ मध्ये ३१ टक्के होते, ते २०१३-१४ मध्ये १६ टक्क्यांवर आले, असे ती दाखविते. निकष उत्तम आहे; त्यासाठी निवडलेले आकडे मात्र सावधपणे वाचावे लागतात. २००५ पर्यंत केंद्र सरकार राज्यांच्या योजनांसाठी स्वतः कर्ज काढून ते राज्यांना देत असे, आणि ही रक्कम केंद्राच्या भांडवली खर्चात धरली जाई. बाराव्या वित्त आयोगाने ही मध्यस्थी थांबविण्याची शिफारस केली आणि राज्ये थेट बाजारातून कर्ज काढू लागली. प्रमाणातील घसरणीचा काही भाग असा केवळ नोंदीच्या जागेत झालेल्या बदलाचा आहे. रस्ता किंवा धरण न बांधल्याचा तो पुरावा नव्हे. उलट २०२०-२१ पासून केंद्राने राज्यांना पन्नास वर्षांच्या मुदतीची बिनव्याजी कर्जे देण्यास प्रारंभ केला. २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात त्यासाठी १.३ लाख कोटी रुपये होते, आणि ते पुनः केंद्राच्या भांडवली खर्चात मोजले गेले. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने पूर्वी स्वतःच्या नावावर काढलेल्या कर्जाची जागाही अलीकडे अर्थसंकल्पीय साहाय्याने घेतली. या सर्व दुरुस्त्या केल्यावरही नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात भांडवली खर्चाने घेतलेली झेप खरी ठरते. तिचा आकार मात्र श्वेतपत्रिका सुचविते त्याहून लहान होतो.

केवळ दोन टोकांचे आकडे घ्यावयाचे ठरविले, तर पाहिजे तो निष्कर्ष काढता येतो. २०१३-१४ ची तूट सुमारे साडेचार टक्के आणि २०२३-२४ ची ५.६ टक्के, हे दोन आकडे शेजारी ठेवले की दुसरे दशक वाईट ठरते. २०१८-१९ च्या ३.४ टक्क्यांशी तुलना केली की तेच दशक चांगले ठरते. दोन्ही आकडे खरे. दोन्ही निष्कर्ष कच्चे. तुटीच्या आकड्यात स्वतःचे असे पुण्य वा पाप नसते, हा धडा या देशाच्या अर्थचर्चेला नवा नाही. गोपाळ कृष्ण गोखले यांनी २६ मार्च १९०२ रोजी वरिष्ठ विधिमंडळात केलेल्या अर्थसंकल्पावरील पहिल्या भाषणात ज्या गोष्टीवर हल्ला चढविला ती तूट नव्हती, ती शिल्लक होती. दुष्काळाने व प्लेगने पिडलेल्या देशात तिजोरीत शिल्लक राहते, याचा अर्थ रुपयाचा भाव कृत्रिमपणे चढविलेला आहे आणि मिठासारख्या वस्तूवरील कर गरजेपेक्षा अधिक आहे, असे त्यांनी साधार दाखविले. सरकारने ज्या आकड्याला आपल्या कर्तबगारीचे प्रमाणपत्र मानले होते, त्याच आकड्यातून त्यांनी रयतेवरील अन्याय वाचून दाखविला. त्यासाठी गोखल्यांना निराळी वही लागली नाही. सरकारची वही त्यांनी सरकारपेक्षा अधिक बारकाईने वाचली, एवढेच.

कृष्णपत्रिकेचे वैगुण्य नेमके येथे आहे. ती श्वेतपत्रिकेबरोबर एकाच दिवशी आली. तेव्हा तिने श्वेतपत्रिकेला आकड्यागणिक उत्तर द्यावे, ही अपेक्षा अवाजवी ठरेल. परंतु श्वेतपत्रिका येणार हे १ फेब्रुवारीच्या अंतरिम अर्थसंकल्पातच जाहीर झाले होते, आणि तिचा रोख कोणीकडे असेल हेही उघड होते. कृष्णपत्रिकेने बेरोजगारी, महागाई, शेतकऱ्यांची दुरवस्था, सामाजिक व राजकीय अन्याय यांची यादी मांडली. या तक्रारींना आधार नव्हता असे नाही. २०१७-१८ च्या श्रमबल पाहणीत बेरोजगारीचे प्रमाण ६.१ टक्के आढळले होते, आणि तो अहवाल २०१९ ची निवडणूक पार पडल्यावर, ३१ मे रोजी, अधिकृतपणे प्रसिद्ध झाला. पण वहीच्या प्रश्नावर ही पत्रिका प्रतिपक्षाची गाठच घेत नाही. रोखे काढले ते का काढले, २००८ नंतरची तूट कोणत्या हिशेबाने समर्थनीय होती, आणि आता जे मागितले जात आहे त्यासाठी पैसा कोठून येईल, हे प्रश्न तिने दूर ठेवले. परिणामी एक पत्रिका भूतकाळातील तुटीविषयी बोलते, दुसरी वर्तमानातील हालांविषयी बोलते, आणि दोघींच्या मधल्या जागेत मतदार उभा राहतो. फिर्याद दोन्ही बाजूंनी झाली. साक्षीपुरावा समोरासमोर आलाच नाही. लोकसभेत आणि राज्यसभेत ९ व १० फेब्रुवारीस झालेल्या चर्चेनेही ही उणीव भरून निघाली नाही.

याहून गंभीर अडचण अशी की, मतदानाच्या वेळी चालू वर्षाचे खरे आकडे कोणाजवळच नसतात. असतात ते सुधारित अंदाज, आणि ते सिद्ध करणारे हात निवडणूक लढविणाऱ्या सरकारचे असतात. फेब्रुवारी २००९ च्या अंतरिम अर्थसंकल्पात पुढील वर्षाची तूट ५.५ टक्के धरली होती; निवडणुकीनंतर जुलैमध्ये तेच सरकार पुनः आले आणि तोच अंदाज ६.८ टक्के झाला. फेब्रुवारी २०१४ मध्ये तूट ४.६ टक्क्यांवर रोखल्याचे सांगण्यात आले. मात्र इंधन अनुदानाचे ३५,००० कोटी रुपये पुढील वर्षावर ढकलले होते. फेब्रुवारी २०१९ मध्ये केंद्राचे निव्वळ करउत्पन्न १४.८४ लाख कोटी रुपये दाखविले गेले. प्रत्यक्षात ते सुमारे १३.१७ लाख कोटी भरले. एवढी मोठी घट येऊनही तूट ३.४ टक्क्यांवरच राहिली, कारण १.७१ लाख कोटींचे अन्नअनुदान प्रत्यक्षात सुमारे एक लाख कोटींवर आणण्यात आले आणि उरलेला भार अन्न महामंडळाच्या कर्जाकडे वळला. फेब्रुवारी २०२४ मध्ये मात्र ५.८ टक्क्यांचा अंदाज होता आणि प्रत्यक्ष तूट ५.६ टक्के, म्हणजे अंदाजापेक्षा कमी झाली. या चार उदाहरणांतून एखाद्या पक्षाचा खोटेपणा वा दुसऱ्याचा खरेपणा सिद्ध करावयाचा नाही. सिद्ध होते ते एवढेच की, मतदाराच्या हाती पडणारा आकडा विश्वसनीय आहे की नाही हे मतदानापूर्वी ताडून पाहण्याचे साधन त्याच्याजवळ नसते.

केंद्राच्या पातळीवरील हा प्रश्न राज्यांत अधिकच तीव्र होतो. महाराष्ट्राचा २०२४-२५ चा अर्थसंकल्प जूनमध्ये मांडला गेला तेव्हा २०,०५१ कोटींची महसुली तूट आणि १,१०,३५५ कोटींची राजकोषीय तूट अंदाजिली होती. त्याच अर्थसंकल्पात महिलांना दरमहा १,५०० रुपये देणारी, वर्षाला ४६,००० कोटी रुपये लागतील अशी योजना जाहीर झाली, आणि जुलैमध्ये ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. विरोधी पक्षांनी प्रथम राज्याच्या तिजोरीची चिंता व्यक्त केली. नोव्हेंबरातील विधानसभा निवडणुकीच्या जाहीरनाम्यात त्यांनीच दरमहा ३,००० रुपयांचे वचन दिले. तूट हा येथे तत्त्वाचा प्रश्न राहिला नाही; ती सत्तेबाहेर असताना वापरावयाचे आणि सत्तेच्या जवळ येताच म्यान करावयाचे शस्त्र झाली. गरीब स्त्रीच्या हाती पैसा देणे इष्ट आहे की नाही, आणि त्यासाठी कोणता खर्च कमी करावा किंवा कोणता कर वाढवावा, हा विचारण्याजोगा प्रश्न दोन्ही बाजूंनी अनुत्तरित ठेवला.

इतर देशांना हा अनुभव नवा नाही, आणि त्यांनी त्यावर शोधलेला उपाय साधा आहे. न्यूझीलंडमध्ये १९९० च्या निवडणुकीनंतर नव्या सरकारला पूर्वी सांगितल्यापेक्षा पुष्कळच वाईट स्थिती हाती आल्याचे आढळले. १९९४ च्या कायद्याने प्रत्येक निवडणुकीपूर्वी राजकोषीय स्थितीचा अहवाल प्रसिद्ध करणे तेथे बंधनकारक झाले. ऑस्ट्रेलियात १९९६ च्या सत्तांतरानंतर असाच वाद झाला आणि १९९८ च्या कायद्याने निवडणुकीचे आदेश निघाल्यापासून दहा दिवसांत असा अहवाल देण्याची तरतूद केली. हा अहवाल मंत्र्यांचा नसतो. तो वित्तखात्यांच्या सचिवांचा असतो. भारतात स्वतंत्र राजकोषीय परिषदेची शिफारस तेराव्या व चौदाव्या वित्त आयोगांनी केली, एन. के. सिंह समितीने २०१७ मध्ये केली, आणि पंधराव्या वित्त आयोगानेही तिचा पुरस्कार केला. ऑक्टोबर २०२२ मध्ये निवडणूक आयोगाने आश्वासनांच्या खर्चाचा तपशील पक्षांकडून घेण्याचा प्रस्ताव पुढे ठेवला होता. २०२४ च्या निवडणुकीपूर्वी यांपैकी काहीही प्रत्यक्षात आले नाही. आणि त्या रिकाम्या जागेतच श्वेत व कृष्ण या दोन पत्रिका जन्मल्या.

अशा परिषदेने वाद संपतील, असे समजणे भोळेपणाचे ठरेल. तूट किती असावी, ती कोणासाठी सोसावी आणि तिचा भार कोणत्या पिढीने वाहावा, हे प्रश्न राजकीयच आहेत. ते तज्ज्ञांच्या स्वाधीन करणे लोकशाहीला मानवणारे नाही. तज्ज्ञांच्या परिषदेने करावयाचे ते एवढेच की, तूट किती आहे हा प्रश्न वादातून काढून घ्यावा, म्हणजे ती योग्य होती की नाही या प्रश्नाला वादात जागा मिळेल. आज नेमके उलटे घडते. दोन्ही पत्रिकांचे खरे अपयश त्या पक्षपाती आहेत यात नाही. निवडणुकीतील कागद पक्षपाती असणारच. अपयश यात आहे की, त्या वाचून झाल्यावरही मतदाराला आपल्या नावावर किती कर्ज आहे आणि ते कशासाठी काढले, हे सांगता येत नाही. जोवर सामाईक वही नाही, तोवर गोखल्यांनी दाखविलेला मार्ग, म्हणजे सरकारचीच वही सरकारहून अधिक काळजीपूर्वक वाचण्याचा मार्ग, तेवढा उरतो. आणि हे काम विरोधी पक्षांनी सोडले असेल, तर विद्यापीठांतील अर्थशास्त्राच्या विभागांना ते टाळता येणार नाही.